‘वरचे राहू द्या’ कुणाला म्हणायचं?

घरपोच जेवण मागवल्यावर ॲपमध्ये येणारं बिल बहुतेक जण शेवटच्या आकड्यापुरतंच बघतात. एकदा ते खालपर्यंत उलगडून वाचा. पदार्थांची किंमत, तिच्याखाली पॅकिंगचे पैसे, मग डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी, जीएसटी, बाहेर पाऊस असेल तर त्याचा वेगळा आकार, आणि या सगळ्याच्या जोडीला एक प्रश्न: रायडरला टिप द्यायची का? २०, ३० की ५०? एवढ्या ठिकाणी पैसे मोजून झाल्यावर कुणाच्याही मनात येतं, की डिलिव्हरीचे पैसे तर घेतलेत, आता हे कशाचे?

शंका रास्त आहे. टिप देणारे सगळे दिलदार आणि न देणारे सगळे कंजूष, असा तो मामला नाही. कुठला पैसा कुणाच्या खिशात जातो हे एकदा कळलं की निम्मे प्रश्न सुटतात.

पॅकिंगचे पैसे हॉटेलवाल्याचे. जीएसटी सरकारचा. प्लॅटफॉर्म फी सरळ कंपनीची; २०२३ मध्ये स्विगी आणि झोमॅटोने ती दोन-दोन रुपयांपासून सुरू केली आणि मग चढवत नेली. गोंधळ होतो तो डिलिव्हरी फीमुळे. नावावरून वाटतं, ही दारात आलेल्या मुलाची मजुरी. पण त्याचे पैसे कंपनी वेगळ्याच हिशोबाने काढते: किती किलोमीटर, किती वेळ, दिवसाच्या कुठल्या प्रहरी, ठरलेल्या ऑर्डरी पुऱ्या केल्या का आणि त्यावरचा इन्सेंटिव्ह. तुम्ही मेंबरशिप घेऊन ‘फ्री डिलिव्हरी’ मिळवलीत तरी त्याला पैसे मिळतात, आणि तुम्ही ५० रुपये डिलिव्हरी फी भरलीत म्हणून त्याला ५० मिळतील असंही नाही. पावसाच्या जादा आकाराचं तेच. तो सगळा रायडरकडे जातो असं धरून चालू नका.

राहिली टिप. झोमॅटो आणि स्विगी या दोन्ही कंपन्या टिपची पूर्ण रक्कम रायडरला देतो असं जाहीरपणे सांगतात. म्हणजे अख्ख्या बिलात पूर्णपणे रायडरकडेच जातो असं सांगितलेला हा एकच पैसा.

आता तो त्याच्या कमाईत किती भर घालतो ते बघू. जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये झोमॅटोच्या रायडरची सरासरी कमाई, टिप सोडून, तासाला १०२ रुपये होती. यातूनच पेट्रोल आणि गाडीची देखभाल. टिपची सरासरी तासाला २ रुपये ६० पैसे. झोमॅटोवर साधारण ५ टक्के ऑर्डरींवर टिप मिळते, त्याच गटाच्या ब्लिंकिट या किराणा पोचवणाऱ्या ॲपवर अडीच टक्क्यांवर. आकडे कंपनीचे आहेत आणि कामगार संघटनांचं कमाईबद्दलचं चित्र याहून बरंच वेगळं असतं, हे लक्षात ठेवून वाचायचे. पण टिपचा आकडा फुगवण्यात कंपनीचा काही फायदा नाही, तेव्हा तो मला विश्वास ठेवण्यासारखा वाटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपल्याकडे रायडरचं घर टिपवर चालत नाही. वीस ऑर्डरींमागे एक जण देतो. म्हणून दर ऑर्डरला टिप न दिल्याचा अपराधी भाव बाळगायचं कारण नाही. दुसरी गोष्ट मात्र याच्या उलट जाते. तासाला शंभर रुपये कमावणाऱ्याला तुम्ही तीस रुपये दिलेत, तर त्या तासाची त्याची कमाई जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. सरासरीत ते पैसे अडीच रुपये दिसतात, कारण ते पंचाण्णव न देणाऱ्यांत वाटले जातात. ज्याच्या हातात पडतात त्याला ते तीसच असतात.

कायद्याच्या बाजूने हा माणूस कंपनीचा नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे. त्यामुळे किमान वेतन, भरपगारी रजा, पीएफ यांतलं काही त्याला आपोआप लागू होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या, म्हणजे ॲपवरून असं सुटं काम करणाऱ्यांच्या, कल्याणनिधीत भरायची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, पण तो निधी विमा, अपंगत्व, म्हातारपण अशा गोष्टींसाठी. आजच्या ऑर्डरचे पैसे त्याने वाढत नाहीत.

मग द्यायची कधी?

माझा हिशोब साधा आहे. घरी आणून देण्याच्या कामात टक्केवारी डोक्यातून काढून टाका. २०० रुपयांचा वडा-सांबार आणि दोन हजारांचा केक आणायला कष्ट सारखेच पडतात. केक असेल तर गाडी जरा जपून चालवावी लागते इतकंच. बिलाच्या दहा टक्के हा हिशोब इथे निरर्थक आहे. बघायचं ते कामाकडे. धो धो पाऊस, मे महिन्यातली दुपारची दीड-दोनची वेळ, रात्री अकरानंतरची ऑर्डर, लिफ्ट नसलेला चौथा मजला, पाण्याचे वीस लिटरचे कॅन, पत्ता सापडत नसताना न चिडता तीनदा फोन करून आलेला माणूस: अशा वेळी ३० ते ५० रुपये द्यावेत, जमत असेल तर त्याहून जास्त. कोरड्या संध्याकाळी अर्ध्या किलोमीटरवरून आलेलं दुधाचं पाकीट असेल तर ‘थँक्यू दादा’ पुरतं.

जेवण उशिरा आलं, तर टिप कापण्याआधी ॲपवर जरा मागे जाऊन बघा. ‘ऑर्डर तयार होत आहे’ वर पंचवीस मिनिटं काटा अडकला होता की रस्त्यावर? बहुतेक वेळा उशीर स्वयंपाकघरात झालेला असतो आणि रायडर हॉटेलबाहेर बाकी चार जणांबरोबर मोबाइल धरून उभा असतो. थंड जेवण, कमी आलेली चटणी, चुकीची भाजी, यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं; पिशवी सीलबंद असते. तक्रार हॉटेलची करा. रायडरविरुद्ध तक्रार टाकताना एक लक्षात असू द्या, की तक्रारींवरून ‘आयडी ब्लॉक’ होऊ शकतो, आणि आयडी ब्लॉक म्हणजे दुसऱ्या दिवशीपासून काम बंद.

आणि काही गोष्टी टिपपेक्षाही कामाच्या आहेत, फुकटही. नकाशावरची खूण नेमकी इमारतीवर लावा, मागच्या गल्लीत नको. ओटीपी विचारल्यावर फोन शोधायला आत जाऊ नका. वॉचमनला आधीच सांगून ठेवा. ज्या सोसायट्यांत ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आहे, तिथल्या सभासदाने वार्षिक सभेत ती पाटी काढायचा विषय मांडला, तर त्याची किंमत वर्षभराच्या टिपपेक्षा जास्त होईल. घाईची ऑर्डर घेऊन आलेल्या माणसाला आठ मजले पायी चढायला लावायचं आणि वर वीस रुपये देऊन मोकळं व्हायचं, हे काही बरोबर नाही.

पैसे कसे द्यायचे? ॲपमधून दिले तर ते त्याच्या पुढच्या हिशोबात जमा होतात. हातात दिले तर लगेच पेट्रोलला उपयोगी पडतात. त्याच्या नंबरवर किंवा क्यूआरवर यूपीआय करता येतं, पण मग तुमचं नाव आणि काही वेळा नंबर त्याच्याकडे जातो. घरी एकट्या राहणाऱ्या मुलीने हे ध्यानात घेऊन ॲपमधून किंवा रोखच द्यावेत. शिवाय काही ॲपमध्ये ‘पुढच्या वेळीही हीच टिप’ अशी खूण असते. ती नकळत राहून गेली, तर दर ऑर्डरला पैसे जात राहतात आणि आपल्याला वाटतं महागाई वाढली.

आधी मागितलेली टिप

गेल्या काही वर्षांत रिक्षा-टॅक्सीच्या ॲपवर नवीनच प्रकार आला. गाडी मिळण्याआधीच विचारतात, ‘दहा-वीस रुपये वाढवले तर गाडी लवकर मिळेल, वाढवायचे का?’ आणि त्याला नाव दिलं ‘टिप’. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली; जलद सेवेसाठी आगाऊ टिप मागणं अनैतिक आणि पिळवणूक करणारं आहे, टिप सेवा झाल्यावर कौतुक म्हणून द्यायची असते, असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीसही काढली.

मला यात ग्राहकाइतकाच चालकाचा विचार करावासा वाटतो. काम व्हायच्या आधी, ते मिळावं म्हणून वाढवलेली रक्कम ही लिलावातली बोली असते. दादरला भर पावसात दहा जण टॅक्सी शोधत असले, की जो जास्त बोलेल त्याला गाडी. हे भाडंच आहे, आणि भाडं कमी पडत असेल तर ते उघडपणे वाढवायला हवं. त्याला टिप म्हटलं की दोन गोष्टी सोयीच्या होतात: भाडं कागदावर कमी दिसतं, आणि वाढीव पैशाची जबाबदारी प्रवाशाच्या दिलदारपणावर ढकलता येते. तेव्हा नाइलाज असेल, लोकल बंद पडली असेल, लेकरू बरोबर असेल, तर बोली लावा, काही बिघडत नाही. पण ती टिप दिली असं मनात धरू नका आणि उतरताना चालकाने चांगली सेवा दिली असेल तर वेगळे द्या.

मीटरच्या रिक्षाचा प्रश्न निराळा. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये झालं. २६ चे ३० दिले आणि चालकाने चार रुपये परत केले नाहीत, तर ते सुट्या पैशांचं राजकारण झालं. चार रुपये मागायला लाज वाटायचं कारण नाही. उलट त्याने खिसे चाचपून चार रुपये पुढे केले, की ‘राहू द्या’ म्हणण्यात मजा आहे. सामान उचलून दिलं, आजीला हात धरून उतरवलं, तर दहा-वीस वर द्यावेत.

हॉटेलातलं बिल

इथे सगळ्यात जास्त घोळ आहे, म्हणून जरा थांबू. एक साधं उदाहरण घ्या. दोघांचं जेवण १००० रुपयांचं झालं. हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे १०० रुपये. आता जीएसटी लागतो तो ११०० वर. ५ टक्क्यांनी ५५ रुपये. एकूण ११५५. हाच सर्व्हिस चार्ज काढायला लावलात तर बिल १०५० चं होतं. त्यातून तुम्ही वेटरच्या हातात शंभराची नोट ठेवलीत तर खर्च ११५०. पाच रुपये वाचले हा भाग सोडा. पहिल्या हिशोबात शंभर रुपये मालकाच्या गल्ल्यात गेले आणि दुसऱ्यात वेटरच्या हातात.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही आणि तो कर्मचाऱ्यांत वाटलाच पाहिजे असा कायदाही नाही. काही हॉटेलं वाटतात, काही थोडा वाटतात, काही वाटत नाहीत. ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, तो न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि जेवणाच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि प्रकरण जवळजवळ तीन वर्षं लोंबकळलं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी मार्गदर्शक तत्त्वं वैध ठरवली आणि याचिका करणाऱ्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्चही लावला. ग्राहकाला स्वखुशीने टिप द्यायला काहीच आडकाठी नाही, हेही निकालात स्पष्ट आहे. पुढे या निकालाविरुद्ध अपील झालं.

व्यवहारात काय करायचं? बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर शांतपणे म्हणायचं, ‘हा काढून बिल द्या, टिप मी वेगळी देतो.’ मॅनेजर बहुधा म्हणेल, ‘सर, तो स्टाफसाठीच असतो.’ मग स्टाफलाच हातात देतो, असं सांगा. वाद वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एक मात्र करा: चार्ज काढायला लावलात तर नंतर टिप खरंच द्या. चार्जही काढायचा आणि बडीशेपेच्या ताटलीत पाचचं नाणंही ठेवायचं नाही, असे महाभाग पाहिलेत मी. वेटरचा त्या भांडणात काही संबंध नव्हता.

किती द्यायची, तर बसून खायच्या मध्यम हॉटेलात ५ ते १० टक्के ठीक. बिल मोठं असेल तर टक्केवारी सोडा; पाच हजारांच्या बिलावर पाचशे द्यायलाच हवेत असं काही नाही. उडप्याकडे इडली-कॉफी झाली तर दहा-वीस. काउंटरवर टोकन घेऊन स्वतः ताट उचलून आणायचं अशा ठिकाणी ठेवलेल्या टिपच्या बरणीकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

टिप पुढे जाते कुठे, हेही विचारायला हरकत नाही. थाळीच्या हॉलमध्ये बघा: एक जण पुऱ्या फिरवतो, एक जण भाज्या, एक डाळ-भात, एक जण ताकाची जग घेऊन हिंडतो, आणि ‘अजून एक घ्याच’ म्हणून आग्रह करणारा पाचवाच असतो. बिल घेऊन येतो तो सहावा, ज्याने तुम्हाला काहीच वाढलेलं नाही. तुमची टिप पडते त्याच्या फोल्डरमध्ये. बऱ्याच ठिकाणी ती एका डब्यात जाते आणि रात्री किंवा महिनाअखेर सगळ्यांत, भांडी घासणाऱ्यांसकट, वाटली जाते. काही ठिकाणी तसं नसतं. ‘टिप सगळ्यांत वाटतात का हो?’ असा सरळ प्रश्न विचारला तर वेटर सरळ उत्तर देतो, आवाज जरा खाली आणून. वाटत नसतील तर आग्रह करणाऱ्यालाच बोलावून हातात द्यावी.

कार्डने दिलेली टिप आधी हॉटेलच्या खात्यात पडते, मग कर्मचाऱ्यांकडे जाते. यावरून आयकर खात्याशी मोठा वाद झाला होता. २०१६ मध्ये आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशी टिप ग्राहकाकडून आलेली असते, मालकाने दिलेला पगार नव्हे. त्यामुळे मालकाने तिच्यावर पगारासारखा टीडीएस कापायची गरज नाही. वेटरच्या दृष्टीने ते उत्पन्नच आहे, फक्त ‘इतर स्रोतां’तलं. मला त्या निकालातलं तत्त्व महत्त्वाचं वाटतं: टिप हा देणारा आणि घेणारा यांच्यातला व्यवहार आहे, मालक फार तर निरोप्या.

अमेरिकेत हे तत्त्व कुठे घसरलं ते बघण्यासारखं आहे, कारण मुला-सुनेकडे न्यू जर्सीला गेलेले आईबाबा तिथल्या टिपवरून हमखास चक्रावतात. साठ डॉलरच्या जेवणावर बारा डॉलर वेटरला? हो. कारण तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचा किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर, मधली दरी टिपने भरून निघावी, नाही निघाली तर मालकाने भरावी, अशी रचना. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत मालकांना देत नाहीत, पण सवय सगळीकडे तीच. म्हणजे तिथे टिप न देणं म्हणजे पगार कापण्यासारखं. तिथे गेलात तर १५ ते २० टक्के द्या आणि त्याचे रुपये करत बसू नका. परत आल्यावर मात्र ती सवय कोथरूडच्या हॉटेलात आणू नका. टिप हा पगाराचा भाग झाला, की मालकाचा खर्च हळूच ग्राहकाच्या पाकिटावर सरकतो. याचं टोक ॲमेझॉनच्या फ्लेक्स या सामान पोचवणाऱ्या सेवेच्या प्रकरणात दिसलं: ग्राहकांनी चालकांना दिलेल्या टिपमधूनच कंपनी कबूल केलेल्या दराचा काही भाग भागवत होती, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलर चालकांना परत देण्यावर तडजोड झाली. आपल्याकडे कुठल्याही ॲपने ‘टिपमुळे रायडरची कमाई वाढते’ अशी जाहिरात केली, की मला हे प्रकरण आठवतं.

गॅसवाला

सिलिंडरच्या किमतीत घरी पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. म्हणूनच गोदामातून सिलिंडर स्वतः आणला तर तेवढी रक्कम वजा करून मिळायला हवी. पावतीवरच्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायला ग्राहक बांधील नाही, मजला कुठलाही असो. हा नियम.

आता काम बघा. आत १४.२ किलो गॅस आणि वर रिकाम्या टाकीचं जवळपास तेवढंच वजन, म्हणजे तीसेक किलो एका खांद्यावर. जुन्या चाळीचा अरुंद जिना, वळणावर टाकी भिंतीला घासू नये म्हणून एक हात कठड्यावर. वर पोचल्यावर सील दाखवायचं, वॉशर बघायचा, मागितलं तर वजन करून द्यायचं, आणि रिकामी टाकी घेऊन खाली. एजन्सी त्याला यातले किती देते, ते एजन्सीवर.

तर लिफ्टच्या इमारतीत ‘पन्नास वर द्या’ असं कुणी हक्काने मागितलं तर नाही म्हणा, आणि अडवून धरलं तर एजन्सीकडे तक्रार करा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर वीस-तीस रुपये आपण होऊन द्या, पाणी विचारा. एकाच माणसाला दोन्ही लागू पडू शकतं. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, हमालाचा दर स्टेशनवर लिहिलेला असतो. तिथेही दर आधी, टिप मर्जीने, हाच क्रम.

जिथे कधीच द्यायची नाही

सरकारी कामासाठी सरकारी माणसाच्या हातात ठेवलेल्या पैशाला टिप म्हणत नाहीत. पासपोर्टच्या पडताळणीला घरी आलेला पोलीस, महापालिकेच्या इस्पितळात बाळ झाल्यावर ‘पेढ्यांचे’ मागणारा वॉर्डबॉय, दाखल्यावर शिक्का मारणारा कारकून. ‘चहापाणी’ म्हणून मागितलं तरी ती लाच आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. खासगी इस्पितळात रात्रभर उशाशी बसलेल्या आयाबाईंना घरी जाताना काही देणं वेगळं. अर्थात तिथेही व्यवस्थापनाचा नियम आधी विचारून घ्यावा, नाहीतर नोकरी तिची जायची.

दिवाळीची पोस्त

वर्षभराची टिप एकदम देण्याची आपली जुनी पद्धत म्हणजे दिवाळीची पोस्त. वॉचमन, पेपर टाकणारा, दूधवाला, माळी, जिना झाडणारी बाई. यांतले बरेच जण कंत्राटदाराच्या पगारावर असतात आणि तुमचा त्यांच्याशी रोजचा संबंध असला तरी पैशांचा नसतो. तिथे पोस्त हवीच. सोसायटीने वर्गणी काढून सगळ्यांना सारखी दिली तर उत्तम. दारोदार फिरून ‘काकू, दिवाळी’ म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

पुण्यात कचऱ्याचं मात्र गणित निराळं आहे. तिथे अनेक भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद दारातून कचरा नेतात आणि त्याचं दरमहा ठरलेलं शुल्क घरटी द्यायचं असतं. त्यांच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग. हे शुल्क चार-चार महिने थकवायचं आणि दिवाळीला पन्नासची नोट व करंज्यांची पुडी देऊन कौतुक करून घ्यायचं, असं करणारी घरं कमी नाहीत. शुल्काचे पैसे त्यांच्या मजुरीचेच आहेत, पोस्त त्याच्या वर.

घरकामाच्या मावशींना दिवाळीत एक पगार जादा द्यायचा, हा रिवाज बहुतेक शहरांत आहे. बोनसचा कायदा घरांना लागू होत नाही, पण त्या कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के आहे, आणि वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के म्हणजे नेमका एक महिन्याचा पगार. म्हणजे रिवाज आणि कायदा एकाच आकड्यावर येतात. मावशी मधूनच कामाला लागल्या असतील तर महिन्यांच्या हिशोबाने द्या: महिना ३००० रुपये आणि दिवाळीपर्यंत आठ महिने झाले असतील, तर दोन हजार. साडी द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती पैशांतून वजा करू नका. आणि रक्कम वसुबारसेच्या आधी हातात पडू द्या. फराळाचं सामान त्यांनाही भरायचं असतं, आणि ते भाऊबीजेनंतर भरून उपयोग नसतो.